लाल दिवा आणि कावळा

आमच्या अण्णांचा आवाज माइकशिवायसुद्धा डांगे चौकापर्यंत जायचा, तरी माइक दिसला की त्यांना राहवायचं नाही. थेरगाव, रहाटणी, पार चाकणच्या बाजूची गावं, कुठंही लग्न असो, साखरपुडा असो, शाळेच्या खोलीचं उद्घाटन असो की घाटावरची दशक्रिया, माइकवर आमचे वडील. त्यांचं काम खरं तर बोलण्याचं नव्हतंच, नावं घेण्याचं होतं. आमच्या भागात कार्यक्रमाला आलेल्या माणसाचं नाव माइकवरून पुकारलं नाही तर तो आला असं कुणी धरत नाही, आणि पुढं बरीच वर्षं तोही आपल्याला ओळखत असल्यासारखं वागत नाही. नवरानवरी हातात हार घेऊन ताटकळत उभी, मुहूर्त टळून गेलेला, आणि अण्णांचं आपलं चालू: ‘आत्ताच ज्यांचं मंडपात आगमन झालेलं आहे ते आपल्या पंचक्रोशीचं भूषण, माजी सरपंच...’ मग माजी सरपंचांचे बंधू, बंधूंचे चिरंजीव, चिरंजीवांचे सासरे. कुणाला ‘साहेब’ लावायचं, कुणाला ‘आप्पा’, कुठली दोन नावं एका दमात घेतली तर मंडपात खुर्च्या उडतील, हे सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. शेतात भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्यापासून त्यांच्याकडं वेळच वेळ होता, आणि तो वेळ ते गावाला ऐकवत हिंडायचे.

अशा बापाच्या पोटी मी जन्माला आले. घरात माझं तोंड थांबायचं नाही, पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प. शाळेत बाईंनी उभं केलं की मला उत्तर यायचं आणि आवाज यायचा नाही. अण्णांना याचं वाईट वाटायचं की बरं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. ‘पोरीची जात, गप हाय त्येच बरं हाय,’ असं ते चारचौघांत म्हणायचे आणि घरी आल्यावर मला माइकमध्ये फुंकर कशी मारायची नाही, बोटानं टकटक कशी करायची, हे पाण्याच्या तांब्यावर करून दाखवायचे.

घर चालायचं ते मात्र आत्याच्या जिवावर. ही अण्णांची थोरली बहीण. तिला चाकणच्या पलीकडच्या एका गावात दिलं होतं, ती वर्षाच्या आत परत आली. का आली हे विचारणाऱ्याला ती सांगायची, ‘तिथल्या आमटीत मीठ नव्हतं,’ आणि विचारणारा पुढं काही बोलायच्या आत त्याच्या पानात भाकरी पडायची. तिनं आमच्या घराच्या पुढच्या पडवीत खानावळ काढली होती. खोल्यांत राहणारी पोरं सगळी बाहेरगावची, लातूरची, परभणीची, कोकणातली, भोसरीच्या वर्कशॉपात नाहीतर चाकणच्या नव्या कंपन्यांत कामाला. त्यांच्या शिफ्टप्रमाणे आमच्या घराचा दिवस उगवायचा. पहाटे पहिल्या शिफ्टची बस कोपऱ्यावर हॉर्न द्यायची, त्याआधी आत्याच्या भाकरी थापण्याचा आवाज सुरू झालेला असायचा. मी त्या आवाजावर अभ्यास केलाय, झोपा काढल्यात, तापात पडलेय. आजही कुठं परातीत हात आपटल्याचा आवाज आला की मला एकदम भूक लागते, मग नुकतंच जेवण झालेलं का असेना. मटकीची उसळ, पिठलं, शेंगदाण्याचा ठेचा हे रोजचं. रविवारी मासवडी. मासवडीत मासा नसतो हे कोकणातल्या पोरांना दर रविवारी नव्यानं सांगावं लागायचं आणि दर रविवारी त्यांचे चेहरे तसेच पडायचे. पोरं तिला मावशी म्हणायची, आम्ही आत्या, अण्णा आक्का, आणि गाव ‘अण्णांची बहीण’ म्हणायचं.

बी.कॉम. झाल्यावर मी चाकणच्या एका कंपनीत मुलाखतीला गेले. काचेची खोली, एसी इतका थंड की माझे दात वाजत होते. समोरच्या साहेबांनी हसून म्हटलं, ‘स्वतःबद्दल सांगा.’ मी सांगितलं. माझं नाव, वडिलांचं नाव, आम्ही मूळचे थेरगावचेच, चुलते पूर्वी ग्रामपंचायतीत होते, थोरले मामा दूध सोसायटीत, धाकटे मामा ठेकेदारी करतात, मावशीचे यजमान... साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि फार सभ्यपणे विचारलं, ‘आणि तुम्ही?’ मी वाजणारे दात आवरले. मग म्हणाले, ‘मी अण्णांची मुलगी.’ घरी आले तर अण्णा दारातच. ‘धाकट्या मामाचं नाव घेतलंस न्हवं?’ मी ‘घेतलं’ म्हणाले, तर ते खूश झाले. नोकरी काही मिळाली नाही, पण धाकट्या मामाचा मान राहिला.

हे सगळं जेवताना ऐकत होता माधव. लातूरकडचा, कंपनीत इलेक्ट्रिशियन, अंगानं काडी आणि भाकऱ्या मोजू नयेत असा खाणारा. तो म्हणाला, ‘ताई, रहाटणीत एक मंडळ हाय. बोलायचंच शिकवायलेत तिथं. मी जायलोय की दर रविवारी. सुपरवायझर व्हायचं तर चारचौघांत बोलता आलं पाहिजे म्हणलेत सायेब.’

‘बोलायला शिकवायला मंडळ?’ अण्णांचा घास हातातच राहिला. ‘मग मी काय मेलोय काय?’

‘तू नावं घ्यायला शिकिवशील,’ आत्या तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. ‘तिला नोकरी लागाया पायजे. नंदे, रविवारी जायाचं. मासवडीच्या वाटणाचं माझं मी बघते.’

आत्यानं ठरवलं म्हणजे ठरलं. वाटण चुकवून मला कुठंतरी जाऊ देण्याची ही तिची आयुष्यातली पहिली वेळ होती, त्यामुळं प्रकरण गंभीर आहे हे मलाही कळलं.

बोलतं मंडळ एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या हॉलमध्ये भरायचं. गाव त्याला बडबड मंडळ म्हणायचं. खाली गिरणी सुरू झाली की वर नेतृत्वावर बोलणाऱ्याच्या पायाखालची फरशी खरोखर थरथरायची आणि भाषण संपेपर्यंत पुढच्या रांगेच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. मंडळ चालवायच्या वैद्यबाई, बँकेतून निवृत्त झालेल्या, सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा आणि डोळे असे की आपल्याकडं पाहिलं की आपण खोटी सही केलीय असं वाटावं. त्यांचे नियम साधे होते. वक्त्यासमोर टेबलावर तीन दिव्यांची पाटी. ती माधवनं बनवलेली. हिरवा लागला की वेळ होत आली, पिवळा लागला की आवरा, लाल लागला की बसा. वाक्य अर्धं राहिलं तरी बसा. शिवाय कोपऱ्यात एक सभासद स्टीलचा डबा आणि गोट्या घेऊन बसलेला. बोलताना ‘अं’ म्हटलं, ‘म्हणजे’ म्हटलं, ‘काय म्हणतात ते’ म्हटलं की डब्यात गोटी. टण्ण. सुरुवातीला काही जणांच्या भाषणात शब्द कमी आणि टणटण जास्त असे, देवळातल्या आरतीसारखं वाटे.

पहिल्या भाषणाचा विषय सगळ्यांना एकच, ‘माझी ओळख’. मी आठवडाभर तयारी केली. खानावळीत संध्याकाळच्या पंगतीआधी आत्यासमोर उभी राहून म्हणून दाखवलं. भाषण कसं सुरू होतं हे मला जन्मापासून पाठ होतं, त्यामुळं अडचण आली नाही. ‘व्यासपीठावर उपस्थित असलेल्या मंडळाच्या अध्यक्षा माननीय वैद्यबाई, वेळेचं भान ठेवणारे माननीय माधवराव, गोट्यांचं काम पाहणारे...’ आत्या भाकरी थापत ऐकत होती. बरंच ऐकल्यावर तिनं हात थांबवला.

‘येवढ्या नावांत माझं कुटं हाय?’

‘आत्या, तू व्यासपीठावर नसतेस.’

‘मग चुलीपुढं बसलेलीचं कुनीच घ्यायचं न्हाई व्हय?’ ती हसत होती, पण हात पुन्हा पिठात गेला नाही. ‘बरं, घ्यायचं म्हनलं तर काय घेशील? सांग.’

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला आत्याचं नाव माहीत नाही. अण्णा, चुलते, गाव, कुणाच्याच तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं. मला कानकोंडं झालं. आत्याला मात्र गंमत वाटली. ‘द्रौपदा,’ ती म्हणाली. ‘शाळंत दोन वर्सं हुते. मास्तर हजेरी घ्यायचा तवा म्हनायचा. त्याच्यानंतर काय कुनी हाक मारली न्हाई त्या नावानं.’ आणि पुढची भाकरी परातीत पडली. इतकं सहज बोलली ती की मीही पुढं विचारलं नाही, आणि जेवायला पोरं यायला लागली.

रविवारी मी भाषण केलं. म्हणजे उभी राहिले, आणि थरथरत्या फरशीवर सगळ्यांची नावं घेतली. एकही विसरले नाही. हॉलची चावी ठेवणाऱ्या गिरणीवाल्यांचं घेतलं, मागं उशिरा आलेल्या जोडप्याचं घेतलं, त्यांच्या कडेवरच्या बाळाचं विचारून घेतलं. हिरवा लागला, पिवळा लागला, आणि मी ‘आता मी माझ्या विषयाकडे वळते’ असं म्हणायला आणि लाल लागायला एकच गाठ पडली. माधव ओशाळून माझ्याकडं पाहत होता, पण बटण दाबलेलं होतं. मी बसले. गोटी एकही पडली नव्हती, कारण नावं घेताना आमच्या घरात कुणी अडखळत नाही.

वैद्यबाई उठल्या. ‘नंदाताई, आमची सगळ्यांची ओळख फार छान झाली. तुमची राहिली.’

हॉल हसला. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, आणि धरणी तर गिरणीमुळं हलतच होती. पण गंमत अशी की त्या हशात मला पहिल्यांदाच कळलं की काचेच्या खोलीतल्या साहेबांना काय हवं होतं. त्यांना माझी माणसं नको होती. मी हवी होते, आणि ती कुठं ठेवलीय हे मलाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी घरी येऊन अण्णांवर विनाकारण चिडले आणि मासवडीच्या दोन वड्या जास्त खाल्ल्या.

पुढचं वर्षभर मी दर रविवारी गेले. नेतृत्वगुण वाढावेत म्हणून मंडळात प्रत्येकाला आळीपाळीनं पद मिळायचं. मी पहिले तीन महिने चहाप्रमुख होते. माणसांची तोंडं बघून कुणाला बिनसाखरेचा लागतो ते ओळखणं आणि चहावाल्याला खिडकीतून ओरडून सांगणं, एवढंच नेतृत्व. पण खिडकीतून ओरडायला आवाज लागतो, आणि माझा आवाज पहिल्यांदा फुटला तो असा, ‘भाऊ, तीन फिक्के!’ या वाक्यावर. पिंपळे सौदागरचा एक संगणकवाला मुलगा दर आठवड्याला यशाची गुरुकिल्ली सांगायचा आणि दर आठवड्याला हॉलबाहेर आपल्या स्कूटरची किल्ली शोधायचा. माधव शेतातल्या विहिरीवर बोलला तेव्हा त्याच्या डब्यात इतक्या गोट्या पडल्या की शेवटी गोट्या टाकणाऱ्यानंच डबा खाली ठेवला आणि नुसतं ऐकलं. मी हळूहळू नावांशिवाय उभी राहायला शिकले. पहिलं वाक्य थेट म्हणायला. पाय कापत असले तर कापू द्यायला. मी आत्याच्या चुलीवर बोलले, शिफ्टच्या बसवर बोलले, एकदा तर अण्णांच्या माइकवर बोलले आणि बक्षीस म्हणून पेन मिळालं. ते अण्णांनी खिशाला लावून सगळ्या लग्नांत मिरवलं. भाषण कशावर होतं हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्या सुमारास आमच्या शेजारच्या एका म्हाताऱ्यांची दशक्रिया झाली. आमच्याकडं दशक्रिया म्हणजे घाटावरची सभाच. गुरुजी एकीकडं पिंड मांडतात, दुसरीकडं माइक लागतो, आणि आलेला प्रत्येक पुढारी श्रद्धांजली वाहतो. पिंडाला कावळा शिवेपर्यंत कुणी हलायचं नाही, आणि लाउडस्पीकरच्या आवाजानं कावळा घाटाच्या आसपास फिरकत नाही. त्यामुळं भाषणं चालूच राहतात. तिथून आल्यावर आत्या पायावर पाणी घेता घेता म्हणाली, ‘नंदे, माझ्या टायमाला हे आसलं काय करू द्यायचं न्हाई. बोलायचंच आसंल तर तू बोल. त्या लाल दिव्याच्या आत. बिचारा कावळा उपाशी ऱ्हातो.’ मी म्हटलं, ‘बायकांना बोलू देत नाहीत घाटावर.’ ती म्हणाली, ‘मग त्या बाईंनी तुला वरीसभर शिकिवलं काय?’

आत्या गेली ती दुपारी, पहिली शिफ्ट जेवून गेलेली आणि दुसरीची अजून यायची, त्या मधल्या वेळात. बसल्या जागी. परातीत पीठ मळलेलं होतं. मला आत्ताही ते लिहिताना हात थांबवावा लागला. दुसऱ्या शिफ्टची पोरं रिकामे डबे घेऊन पडवीत उभी राहिली आणि कुणालाच काय करायचं ते कळेना. शेवटी माधवनं बाहेर चूल पेटवून सगळ्यांसाठी भात टाकला. तो कच्चा राहिला. सगळ्यांनी खाल्ला.

दशक्रियेच्या दिवशी घाटाच्या तोंडाशी मोठा फ्लेक्स लागला होता. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि खाली येत्या निवडणुकीला उभे राहू पाहणाऱ्यांचे हात जोडलेले हसरे फोटो. कोपऱ्यात रेशन दुकानातल्या पिशवीवरच्या चित्राएवढी आत्या. फोटोखाली लिहिलं होतं, ‘कै. आक्कासाहेब’. आयुष्यभर साहेबांना ताट घासून ठेवायला लावणाऱ्या बाईला मेल्यावर साहेब केलं होतं. मी अण्णांना विचारलं, नाव का नाही घातलं? ते म्हणाले, ‘आक्काच म्हनत्यात की समदे. छापनाऱ्यानं इचारलं, म्हनलं आक्का ल्ही.’ सगळ्या पंचक्रोशीची नावं पाठ असणारा माणूस. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला, आणि त्यांचं नुकतंच भादरलेलं डोकं पाहून दयाही आली. आत्याला मूलबाळ नव्हतं, त्यामुळं पिंडदान अण्णांनाच करायचं होतं. म्हणजे माइक दुसऱ्याच्या हातात.

हे दुसरे गृहस्थ अण्णांचेच चेले होते. त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली आणि अण्णांचे कान टवकारले. गुरुजी सांगतायत, ‘उजव्या हातानं पाणी सोडा,’ आणि अण्णा मान वळवून कुजबुजतायत, ‘आप्पांचं ऱ्हायलं! आप्पा मागं बसलेत!’ गुरुजींनी दोनदा त्यांचा हात धरून पाणी सोडवलं. मग भाषणं सुरू झाली. एक जण म्हणाले, ‘आक्कासाहेब म्हणजे साक्षात माउली, त्यांनी मला मांडीवर खेळवलं.’ आमटीला नावं ठेवल्याबद्दल ह्यांनाच तिनं पंगतीतून उठवलं होतं, हे मी स्वतः पाहिलेलं. दुसरे तिसऱ्याच कुणाच्या तरी आईबद्दल बोलून बसले. लाल दिवा नव्हता. वैद्यबाई बायकांच्या घोळक्यात पदर डोक्यावरून घेऊन बसल्या होत्या आणि त्यांचा अंगठा सारखा न दिसणारं बटण दाबत होता.

पिंड मांडून झाला. कावळा येईना. पलीकडच्या झाडावर दोन-चार बसले होते, लाउडस्पीकरकडं माना वाकड्या करून बघत. आमच्यात अशा वेळी घरच्यांनी मेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखून मोठ्यानं शब्द द्यायचा असतो. अण्णा हात जोडून उभे राहिले. ‘आक्के, नंदीचं लगीन थाटात लावून देतो!’ कावळा ढिम्म. ‘खानावळ बंद पडू देनार न्हाई!’ नाही. ‘तुझ्या नावानं घाटाला बाकडं देतो!’ नाही. गुरुजी घड्याळ बघायला लागले, त्यांना पुढच्या दशक्रियेला जायचं होतं. अण्णांच्या आवाजाला मी पहिल्यांदाच चीर गेलेली ऐकली. ‘आक्के, मग काय पायजे तुला? मला ठाव न्हाई गं!’ आणि तो माइकवाला माणूस, माझा बाप, सगळ्या गावासमोर हुंदके देऊन रडायला लागला.

मग त्यांनी मान वर केली आणि बायकांत मला शोधलं. ‘नंदे, तुला ठाव आसंल. बोल तू.’

मी उठले. घाटाच्या पायऱ्या उतरून माइकपर्यंत जायला मला किती वेळ लागला कुणास ठाऊक. चेल्यानं माइक द्यायला काचकूच केली तेव्हा अण्णांनी लांबूनच त्याच्याकडं पाहिलं, आणि त्यानं दिला. समोर अख्खं व्यासपीठ होतं. आप्पा, साहेब, माजी सरपंच, सगळे मान्यवर आपापलं नाव ऐकायला सरसावून बसलेले. माझे पाय कापत होते. मी कापू दिले.

‘माझ्या आत्याचं नाव द्रौपदा,’ मी म्हणाले.

मागच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या आजी ‘आगं बाई, व्हय की’ असं मोठ्यांदा म्हणाल्या, त्या शाळेत तिच्या शेजारी बसत असणार.

‘ती आक्कासाहेब नव्हती. तिनं कुणाला मांडीवर खेळवलं नाही, तिला वेळ नव्हता. ती सासरहून परत आली आणि का ते तिनं कुणाला सांगितलं नाही, तेव्हा तुम्हीही विचारू नका. तिनं तुमच्या खोल्यांत राहणाऱ्या, तुमच्या ओळखीत नसलेल्या पोरांना पोटभर जेवू घातलं. ती फार वाईट शिव्या द्यायची. त्या मला सगळ्या येतात, पण इथं देत नाही. ती गेल्यापासून पहाटे मला जाग येते आणि घरात आवाज नसतो. मला ते सहन होत नाही. तिला काही नको होतं. तिनं एकदाच मला विचारलं होतं, एवढ्या नावांत माझं नाव कुठं आहे म्हणून. ते मी आज घेतलं. आणि तिनं सांगितलं होतं की अं... भाषण लांबवू नको, कावळा उपाशी राहतो. म्हणून मी बसते.’

मी माइक बंद केला आणि खाली ठेवला. लाउडस्पीकर थांबल्यावर घाट केवढा मोकळा वाटतो हे मला तेव्हा कळलं. नदीचं पाणीसुद्धा ऐकू यायला लागलं. सगळे माझ्याकडं बघत होते, आणि इतक्यात गुरुजी ओरडले, ‘शिवला! शिवला!’ सगळ्यांनी माना वळवल्या तर पिंडाचा कोपरा मोडलेला होता आणि कावळा वर उडून गेलेला. तो आला कधी, बसला कधी, कुणीही पाहिलं नाही. माझा आजही संशय आहे की गुरुजींनी घाईत पायानं पत्रावळ हलवली. अण्णांना हे बोलून दाखवायची सोय नाही. त्यांच्या मते आक्का आली, नाव ऐकलं आणि गेली. माधव माझ्याजवळ आला, डोळे लाल झालेले. ‘ताई,’ तो म्हणाला, ‘एकच गोटी पडली असती.’

मान्यवरांपैकी निम्मे नाव न घेतल्याबद्दल रुसून चहा न घेता गेले. अण्णांनी नंतर महिनाभर त्यांच्या घरी जाऊन समजूत काढली. पण घाटावरून निघताना बायकांनी मला गराडा घातला. एकीनं हळूच विचारलं, ‘आमच्या सासूबाईंचं अजून व्हायचंय, पण झालं म्हंजे येशील का बोलायला?’ अशी माझी वक्तृत्वाची कारकीर्द सुरू झाली. त्या वर्षी मी बऱ्याच दशक्रियांत बोलले. प्रत्येक वेळी आधी घरी जाऊन बाईचं खरं नाव विचारायची, आणि दर दोन घरांत एका घरात ते आठवायला माणसांना वेळ लागायचा. वैद्यबाईंनी मंडळाच्या वार्षिक सभेत ‘आमच्या सभासदांनी समाजात ठिकठिकाणी नेतृत्व केले’ असं अभिमानानं सांगितलं. कुठं ते त्यांनी सांगितलं नाही.

तशाच एका काचेच्या खोलीत, टेबलाच्या साहेबांच्या बाजूला, मी काही वर्षांनी बसायला लागले. दुसरी कंपनी, पण एसी तसाच. समोर खेडचं नाहीतर मावळातलं पोरगं येऊन बसतं, मी म्हणते स्वतःबद्दल सांगा, आणि ते वडिलांपासून सुरू करून मामापर्यंत जातं. मी पेन खाली ठेवत नाही. मी त्याला सगळी नावं घेऊ देते, आईचं राहिलं असेल तर आठवण करून देते, आणि मग विचारते, आता तू. माझ्या हाताखालची पोरं म्हणतात, मॅडम, वेळ फार जातो.

अण्णा आता ऐंशीच्या पुढं गेलेत. ऐकू कमी येतं, त्यामुळं आवाज आणखी वाढलाय. खोल्यांच्या जागी इमारत झाली, आम्ही तिच्या चौथ्या मजल्यावर राहतो, आणि ते गॅलरीत बसून खालून जाणाऱ्या ओळखीच्या माणसांची नावं पुकारतात. परवा मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, ‘नंदे, माझ्या टायमाला तूच बोलायचं बरं का.’

‘बोलेन की.’

‘पर आक्कासारखं दोन मिंटात उरकू नगंस. समद्यांची नावं घे. आप्पांच्या पोराचं आधी, मग सायबांचं. न्हाईतर रुसत्यात.’

‘आणि तुमचं कधी घेऊ?’

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि एक घोट घेतला.

‘माझं शेवटी घे,’ ते म्हणाले. ‘पर आक्काचं नाव लावून घे. द्रौपदीचा भाऊ म्हन.’

‘द्रौपदाचा, अण्णा.’

‘त्येच ते,’ अण्णा म्हणाले, आणि ते नाव पक्कं करावं म्हणून चौथ्या मजल्यावरून, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं, त्यांनी ते एकदा मोठ्यानं पुकारलं.